अंश रोज, छेद तिमाहीने

कोथरूडमधला एक कोटीचा फ्लॅट घ्या. भाडं महिना पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला तीन लाख. फ्लॅटची किंमत वर्षाच्या भाड्याच्या तेहतीस पट झाली. हा हिशेब आपल्याकडे घरोघरी होतो, फक्त त्याला कोणी मोठं नाव देत नाही. ‘भाड्याने जेमतेम तीन टक्के सुटतात, मेंटेनन्स जाऊन काय उरतंय?’ एवढंच म्हणतात. शेअर बाजारात याच हिशेबाला पी/ई म्हणतात. शेअरच्या भावाला त्या शेअरच्या वाट्याला आलेल्या वर्षभराच्या नफ्याने भागायचं. शाळेच्या भाषेत, भाव हा अंश आणि नफा हा छेद.

इतकी सोपी गोष्ट असूनही तिच्याबद्दल विचारला जाणारा प्रश्न जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. ओळखीपाळखीचे लोक मोबाइलवर एखाद्या कंपनीचं पान उघडून दाखवतात आणि विचारतात, ‘पंधराचा पी/ई आहे, म्हणजे स्वस्त ना?’ मी उलट विचारतो, पाच वर्षांपूर्वी किती होता? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आणि ज्यांनी पाहिलेलं असतं, ते सांगतात, ‘तीस होता, आता पंधरा झालाय, म्हणून तर घेतोय.’ मग खरा प्रश्न येतो. तिसाचा पंधरा झाला तो भाव निम्मा झाला म्हणून, की नफा दुप्पट झाला म्हणून? दोन्हींत गुणोत्तर अगदी तेच येतं. कंपन्या मात्र दोन वेगळ्या जगांतल्या असतात.

या अपूर्णांकाची एक मूळचीच गंमत आहे. त्याचा अंश आणि छेद एकाच काळातले नसतात. भाव सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत क्षणाक्षणाला बदलतो आणि त्यात लोकांची पुढची आशा, भीती, अफवा, निवडणूक, पाऊस असं सगळं मिसळलेलं असतं. नफा तीन महिन्यांतून एकदा कळतो आणि तो होऊन गेलेल्या दिवसांचा असतो. उद्याला कालने भागायचं, असा हा भागाकार आहे. तो एका दिवसापुरता पाहिला तर फारसं काही सांगत नाही. वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडला की बोलायला लागतो.

तेच उलटं लिहिलं तर जास्त कामाचं आहे: भाव म्हणजे नफा गुणिले पी/ई. शेअरमध्ये मिळालेला किंवा गेलेला प्रत्येक रुपया या दोन दारांपैकी एका दाराने येतो-जातो (लाभांश सोडला तर). एक दार कंपनीच्या कारखान्याचं, दुकानाचं. दुसरं दार बाजाराच्या मनाचं. मी वहीत प्रत्येक कंपनीसाठी एक पान ठेवतो. त्यात साल, त्या वर्षीचा शेअरमागचा नफा, पी/ई आणि भाव असे रकाने असतात. त्यातलं एक जुनं पान इन्फोसिसचं आहे.

इन्फोसिसची स्थापना पुण्यात झाली, १९८१ साली. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले तेव्हा पुरते अर्जही आले नव्हते. सात वर्षांनी, मार्च २००० मध्ये, कंपनीच्या एका शेअरला बाजार तेरा हजार रुपये देत होता. आर्थिक वर्ष १९९९-२००० चा शेअरमागचा नफा होता सुमारे ४४ रुपये. भागून पाहा, पी/ई जवळजवळ तीनशे. कोथरूडच्या फ्लॅटच्या भाषेत, महिना पावणेतीन हजार भाड्याच्या घराला एक कोटी.

आता त्या पानावर पुढच्या ओळी वाचू. २०००-०१ चा शेअरमागचा नफा सुमारे ९५ रुपये, म्हणजे एका वर्षात दुपटीहून अधिक. भाव मार्च २००१ मध्ये चार हजारांच्या आसपास. २००१-०२ चा नफा सुमारे १२२ रुपये. २००२-०३ चा सुमारे १४५. आणि एप्रिल २००३ मध्ये, पुढच्या वर्षी वाढ मंदावेल असं कंपनीने सांगितल्यावर, एका दिवसात भाव चौथ्या हिश्शाहून जास्त गळाला आणि तीन हजारांच्या आत-बाहेर आला. पी/ई वीस.

हे पान मी पहिल्यांदा भरलं तेव्हा आकडे चुकले असं वाटून पुन्हा तपासले होते. तीन वर्षांत नफा सव्वातीन पट झाला आणि शेअर घेणाऱ्याचे पैसे चौथ्या हिश्शाहूनही कमी उरले. कंपनीने काहीही वाईट केलं नव्हतं. उलट इतक्या वेगाने नफा वाढवणाऱ्या कंपन्या देशात बोटावर मोजण्याइतक्याच होत्या. पहिल्या दाराने पैसा आत येत होता, दुसऱ्या दाराने त्याच्या कितीतरी पट बाहेर जात होता. सव्वातीनने गुणायचं आणि पंधराने भागायचं, एवढाच त्या तीन वर्षांचा हिशेब.

मार्च २००० मध्ये घेऊन जो हातावर हात ठेवून बसला, त्याला आपली मुद्दल पुन्हा दिसायला २००६ साल उजाडलं. मधल्या बोनस शेअरचा हिशेब धरून जुन्या एका शेअरमागचा नफा तोवर सुमारे ३६० रुपये झाला होता. नफा आठपट, भाव जागच्या जागी, पी/ई तीनशेवरून छत्तीसवर. ‘चांगली कंपनी घ्या आणि विसरून जा’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे पान एकदा समोर ठेवावं. सल्ला अर्धाच खरा आहे. कंपनी चांगली होती, ती विसरून जायलाही हरकत नव्हती, पण ज्या भावाला घेतली तो भाव ती सहा वर्षं विसरू देत नव्हती.

तीनशेचा पी/ई हे वेड होतं, असं वेड रोज नसतं, हेही खरं. म्हणून दुसरं पान उघडतो. ते साबण-चहा-पेस्टवाल्या कंपनीचं आहे, जिच्यात वेड लागण्यासारखं काही नाही. हिंदुस्थान लिव्हर, २००७ पासून हिंदुस्थान युनिलिव्हर. मुंबईची कंपनी. मराठी मध्यमवर्गाच्या जुन्या डिमॅट खात्यांत हिचे शेअर अजूनही निघतात, वडिलांनी किंवा काकांनी घेऊन ठेवलेले.

२००० साली हिचा भाव दोनशे ते तीनशेच्या दरम्यान होता. २०१० साली? दोनशे ते तीनशेच्या दरम्यान. दहा वर्षं. मधल्या काळात २००४ साली डिटर्जंटच्या पाकिटांवरून प्रॉक्टर अँड गॅम्बलशी किंमतयुद्ध पेटलं, नफा चांगलाच घसरला, मग सावरला. दशकाच्या शेवटी शेअरमागचा नफा सुमारे दहा रुपये होता, २००० साली सहाच्या आसपास होता. म्हणजे नफा वाढलाच, वेग फक्त गोगलगायीचा होता. बाजार मात्र २००० साली जितकं देत होता त्याच्या निम्म्यानेच आता मोजत होता. पी/ई तेवीसवर आला होता. वाढलेला नफा आणि उतरलेला पी/ई एकमेकांना खाऊन मोकळे झाले.

मग पुढची दहा वर्षं. मार्च २०१० मध्ये भाव सुमारे २३० आणि नफा दहा रुपये. मार्च २०२० मध्ये, कोविडची टाळेबंदी नुकतीच लागलेली असताना, भाव सुमारे २३००. दहापट! वृत्तवाहिन्यांवर याचं वर्णन ‘कंपनीची दमदार कामगिरी’ असं होत होतं. वहीतलं पान काय सांगतं? शेअरमागचा नफा दहावरून सुमारे एकतीस, म्हणजे तिप्पट. पी/ई तेवीसवरून सुमारे चौऱ्याहत्तर, म्हणजे तोही तिप्पट. तीन त्रिक नऊ, वर थोडं. दहा वर्षांत तिप्पट नफा म्हणजे वर्षाला साधारण बारा टक्के, चांगलीच वाढ. पण दहापटीतला बाकीचा हिस्सा साबणाच्या कारखान्यातून आला नव्हता. त्याच वडीला बाजार तिप्पट मान देऊ लागला होता.

आणि त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, भाव पुन्हा २२००-२३०० च्याच घरात. शेअरमागचा नफा एव्हाना पंचेचाळीसपर्यंत गेला होता. पी/ई पन्नास. दहा वर्षं चढलेला जिना पाच वर्षं उतरत होता. नफ्याने तेवढ्या पायऱ्या वर चढून भाव जागेवर धरून ठेवला, इतकंच. ज्यांनी २०२० साली ‘ही तर कधीच पडत नाही’ म्हणून घेतली, ते चूक नव्हते. ती पडली नाही, एवढंच.

बाजाराचा हा मान वाढतो-उतरतो तो निव्वळ लहरीने, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला एक अगदी घरगुती कारणही असतं. पीपीएफच्या पासबुकाचाही पी/ई काढता येतो. जानेवारी २००० च्या मध्यापर्यंत पीपीएफवर बारा टक्के मिळत होते. शंभर भागिले बारा, पी/ई आठ. एप्रिल २०२० पासून सात पूर्णांक एक दशांश टक्के मिळू लागले. पी/ई चौदा. सरकारच्या हमीचा, करमाफीचा, डोक्याला ताप नसलेला पैसा आठ पटीला मिळत होता तेव्हा साबणाच्या कंपनीला पन्नास पट द्यायला माणसाने फार विचार करायला हवा होता. तोच पैसा चौदा पटीला मिळू लागल्यावर शेअरचे पी/ईही थोडे वर सरकणार, यात नवल नाही. म्हणून २००० चा पन्नास आणि २०२५ चा पन्नास हे दिसायला सारखे असले तरी एक नाहीत. पहिला जास्त महाग होता.

इथवर छेद बिचारा सरळ वागत होता, हळूहळू वाढत होता. सगळ्याच कंपन्यांचा छेद असा गुणी नसतो.

कोकणात हापूसची बाग विकत घ्यायला निघालेला माणूस पाहिला आहे का? झाडं मोहोराने लगडलेल्या वर्षी मालक सांगेल, यंदा इतक्या लाखांचा आंबा निघाला, त्याच्या पाचपट द्या. घेणारा जाणकार असेल तर हसतो. हापूस दर वर्षी सारखा धरत नाही, एका वर्षी भरभरून आणि पुढच्या वर्षी ओकाबोका, हे तिथल्या पोरासोरांना माहीत असतं. भरल्या वर्षाच्या उत्पन्नावर पाचपट स्वस्त दिसते. रिकाम्या वर्षाच्या उत्पन्नावर तीच बाग पन्नासपट महाग दिसेल. बाग तीच, झाडं तीच.

टाटा स्टीलचं पान असंच वाचावं लागतं. २०१९-२० मध्ये शेअरमागचा नफा सुमारे बारा रुपये होता. त्या मार्चअखेरीस भाव २७० च्या आसपास, पी/ई बाविसाच्या जवळ. पोलादाच्या कंपनीला बावीस म्हणजे महाग दिसणारच. २०२१-२२ मध्ये जगभर पोलादाचे दर भडकले, कंपनीचा एकत्रित नफा ४१,७०० कोटींच्या वर गेला, शेअरमागे सुमारे ३३० रुपये. भाव तेराशे. पी/ई चार! पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींवर आला आणि त्यापुढच्या, २०२३-२४ च्या, वर्षात तोटाच झाला. तोट्याने भागता येत नाही, त्यामुळे त्या वर्षी पी/ईचा रकाना रिकामा. (जुलै २०२२ मध्ये एका शेअरचे दहा झाले, इथले आकडे जुन्या शेअरच्या हिशेबाने आहेत.)

म्हणजे बाविसाला ‘महाग’ असताना ज्याने घेतला त्याचे पैसे दोन वर्षांत जवळजवळ पाचपट झाले आणि चाराला ‘स्वस्त’ म्हणून ज्याने घेतला त्याचा भाव वर्षभरात वीस टक्के उतरला. त्या वर्षभरात पी/ई मात्र चारावरून चौदाच्या वर चढला. भाव खाली, पी/ई वर. हे उलटं वाटतं, पण छेद आधी फुगलेला आणि मग फुटलेला असला की असंच होणार. बाजाराला हे माहीत असतं. चारचा पी/ई म्हणजे बाजार सांगत असतो की हा नफा टिकणार नाही, यातला फार थोडा आम्ही खरा धरतो.

हे मी शहाणपणाने सांगतोय खरा, पण मीही २००६ साली एका साखर कंपनीचा शेअर पाचाच्या पी/ईला घेतला होता आणि घरी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. पुढच्या हंगामात साखरेचे दर कोसळले. कंपनीचा नफा कुठे गेला ते शोधावं लागलं. ज्या उसाच्या राज्यात जन्म काढला तिथे साखर चढ-उतारावर चालते हे मला पुस्तकातून शिकावं लागलं, ही त्यातली खरी लाज.

छेद आणखी एका कारणाने हलतो आणि ते लोकांच्या लक्षातच येत नाही: मोजण्याची पद्धत. राष्ट्रीय शेअर बाजार निफ्टीचा पी/ई वर्षानुवर्षं कंपन्यांच्या एकट्या ताळेबंदावरून काढत होता, उपकंपन्यांचा नफा न धरता. मार्च २०२१ अखेर तो एकत्रित ताळेबंदावरून काढायला सुरुवात झाली. एका रात्रीत निफ्टीचा पी/ई चाळिसावरून तेहतिसावर आला. भाव तेच, कंपन्या त्याच. आजही पंचवीस वर्षांचा निफ्टी पी/ईचा आलेख दाखवून ‘बघा, सरासरीच्या खाली आहे’ म्हणणारे त्या दिवसाची खूण करत नाहीत. आलेखाचा एक भाग किलोत आणि दुसरा पौंडात मोजल्यासारखा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ प्राप्तिकर तिसावरून बावीस टक्क्यांवर आणला गेला, तेव्हाही पुष्कळ कंपन्यांचा छेद बसल्या जागी वाढला. साबणाची एक वडीही जास्त न विकता. आणि एखादी जुनी गिरणी आपली मुंबईची जमीन विकते तेव्हा त्या वर्षीचा पी/ई दोन-तीन असा मजेशीर दिसतो. जमीन एकदाच विकता येते.

हलत्या छेदावरचा उपाय गुंतवणूकतज्ज्ञ बेंजामिन ग्रॅहॅमने १९३४ सालीच सांगून ठेवला आहे. एका वर्षाच्या नफ्याने भागू नका, पाच, सात, शक्यतो दहा वर्षांच्या सरासरीने भागा. अमेरिकेत १९२९ च्या कोसळीनंतर लिहिलेला हा सल्ला आमच्या कोकणातल्या बागवाल्याला कोणी न सांगता ठाऊक होता. पोलाद, साखर, सिमेंट, जहाजं, रसायनं यांना तो चपखल लागू पडतो. वेगाने वाढणाऱ्या कंपनीला मात्र नाही. २००३ साली इन्फोसिसच्या मागच्या दहा वर्षांची सरासरी काढली असती तर तेव्हाचा नफा त्या सरासरीच्या कितीतरी पट आला असता आणि कंपनी वीसच्या पी/ईलाही भयंकर महाग दिसली असती. आणि ती तेव्हा महाग नव्हती.

म्हणूनच ‘दहा वर्षांची सरासरी तीस, आज बावीस, म्हणजे सवलत’ हे जे हल्ली प्रत्येक ॲपवर हिरव्या रंगात दाखवतात, त्यावर माझा विश्वास नाही. ती सरासरी कोणत्या वर्षांची आहे? त्यात कंपनी पंचवीस टक्क्यांनी वाढत होती आणि आता आठने वाढत असेल तर बावीस ही सवलत कसली? पी/ई आपल्या सरासरीकडे परत येतो, असं म्हणतात. पुष्कळदा येतो. पण कधी कधी सरासरीच चालत खाली पी/ईकडे येते आणि दहा वर्षांनी दोघांची गाठ तिथे पडते. लिव्हरच्या पानावरच्या पहिल्या दहा वर्षांत नेमकं तेच झालं होतं.

तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत, निदान वडिलोपार्जित जे आले आहेत, त्यांपैकी एकीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल काढा. कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि शेअरमागचा नफा कुठे छापलेला असतो ते पहिल्या अहवालात सापडलं की पुढचे नऊ भराभर होतात. एकत्रित की एकट्याचा, ते एकदा ठरवा आणि दहाही वर्षं तेच धरा. बोनस, विभाजन झालं असेल तर जुने आकडे त्या हिशेबाने भागून घ्या. एखाद्या वर्षी जमीन किंवा उपकंपनी विकली असेल तर तो नफा वगळून बाजूला पेन्सिलीने टीप लिहा. आधी नफ्याचा रकाना पूर्ण भरा. भावाचा रकाना त्यानंतर.